अजून दोन एसी न लावता ऑफिस कसं थंड केलं (नागपूर)

आमचं ऑफिस नागपुरात वर्धा रोडला, तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, साधारण ३,००० स्क्वेअर फूट, माणसं पन्नास-साठ, आणि पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. ज्यांनी नागपूरचा मे काढलाय त्यांना एवढं वाचूनच घाम फुटला असेल. हॉलमध्ये दोन-दोन टनाचे स्प्लिट, केबिनचे आणि कॉन्फरन्स रूमचे वेगळे, आणि तरी एप्रिल लागला की दुपारी तीननंतर काचेकडची मंडळी फाइलीने वारा घेत बसायची आणि एसीच्या बरोबर खाली बसणाऱ्या दोघी शाल पांघरून काम करायच्या. अ‍ॅडमिन माझ्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या तक्रारी माझ्याकडे आणि महावितरणचं बिलही माझ्याकडेच.

दरवर्षीप्रमाणे एसीवाला आला, मान वर करून छताकडे बघितलं, डोकी मोजली आणि म्हणाला दोन टनाचे अजून दोन लागतील मॅडम. कोटेशन एसींचं होतं, पण खरा खर्च त्यामागे उभा होता. मंजूर भार वाढवायचा, मीटरपासूनची केबल बदलायची, आणि भार वाढला की स्थिर आकार डिसेंबरात पण भरायचा जेव्हा एसीला कुणी हातही लावत नाही. सरांना म्हटलं थांबा जरा, आधी कुणाला तरी दाखवू जो आपल्याला काही विकणार नाहीये.

असा माणूस सापडला सरांच्याच ओळखीतून. वय सत्तरीकडे, आयुष्यभर मोठमोठ्या एसी प्लांटवर काम केलेलं, नंतर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची, म्हणजे बीईईची, एनर्जी ऑडिटरची परीक्षा दिलेली. आम्ही सगळे त्यांना काकाजीच म्हणायला लागलो. आले तेव्हा हातात एक पिस्तुलासारखं थर्मामीटर, एक सीओटू मीटर (हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं) आणि खिशात टिश्यू पेपर. मी त्यांना एसी दाखवायला निघाले तर म्हणाले, "एसी मंग पाहू ताई, आधी गच्चीची चाबी द्या."

गच्चीवर दुपारी चारला उभं राहणं म्हणजे काय ते सांगायला नको. थर्मामीटरचा लाल ठिपका स्लॅबवर मारला तर ६२ डिग्री. खाली येऊन स्टुलावर चढून फॉल्स सीलिंगची एक टाइल सरकवली आणि आतून स्लॅबच्या पोटावर ठिपका मारला तर ४१, आणि तीच जागा संध्याकाळी सहाला, बाहेर उन्ह उतरल्यावर, ४३! मला वाटलं मीटर बिघडलं, तर ते म्हणाले सहा इंची काँक्रीटला उष्णता वरून खाली यायला चार-पाच तास लागतात, स्लॅब दुपारी खातो आणि संध्याकाळी ओकतो. म्हणजे आमचे एसी सहा-सात वाजता ज्या उष्णतेशी झगडत होते ती दुपारी दोनची होती. सेकंड शिफ्टची पोरं नेहमी म्हणायची की संध्याकाळी जास्त उकडते, आणि आम्ही त्यांना नाटकी ठरवत होतो.

मीटर बिघडण्यावरून आठवलं, २०२४ च्या मे अखेरीला आमच्या गावात एका ऑटोमॅटिक वेदर स्टेशनने ५६ डिग्री दाखवले होते आणि देशभर बातमी झाली होती, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच गडबडला होता. तेव्हापासून नागपूरचा माणूस कुठलाही आकडा दोनदा विचारून घेतो. काकाजींनी पण प्रत्येक जागा तीन वेळा मोजली, उगाच नाही.

मग आउटडोअर युनिट. बिल्डिंगवाल्याने एलिव्हेशन खराब दिसू नये म्हणून पश्चिमेला एक अरुंद डक्ट केलाय आणि समोरून शोभेची जाळी ठोकलीय, आमची सगळी युनिटं त्यात एकावर एक. काकाजींनी खालच्या युनिटसमोर टिश्यू पेपर धरला, तो फडफडत वर गेला आणि सरळ वरच्या युनिटच्या मागे जाऊन चिकटला. म्हणजे खालच्याने फेकलेली गरम हवा वरचा ओढतोय आणि त्याची त्याच्या वरचा. बाहेर ४३ होते आणि सगळ्यात वरच्या युनिटच्या तोंडाशी ५२. एसी आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो एवढंच त्याचं काम, बाहेरच ५२ असेल तर तो टाकणार कुठे, कॉम्प्रेसर जोर लावतो, करंट जास्त खातो, थंडावा कमी देतो आणि फारच झालं तर ट्रिप होतो. आमच्याकडे मे महिन्यात दर दुपारी कुठलातरी एक एसी बंद पडायचा त्याचं कारण हे होतं, आणि आम्ही दरवेळी गॅस भरून घेत होतो.

हे पहिलं काम लगेच झालं आणि सगळ्यात स्वस्तात झालं. जाळी काढली, वरची तीन युनिटं उचलून गच्चीवर उत्तरेच्या पॅरापेटच्या सावलीत नेली, पाइप थोडे वाढले. जाळीवरून बिल्डिंगवाल्याशी वाद झाला तो वेगळा, त्याचं म्हणणं शोभा जाते. कॉइल प्रेशरने धुतल्यावर जे पाणी निघालं ते चहासारखं होतं, फिल्टरवर तर सरळ बोट फिरवून नाव लिहिता येईल इतकी धूळ. एवढ्यावरच दुपारचं ट्रिपिंग थांबलं, आणि सर म्हणाले झालं की मग. काकाजी म्हणाले आता कुठे सुरुवात.

काचेचं प्रकरण मात्र मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. आमच्या काचेला आतून मस्त व्हर्टिकल ब्लाइंड्स होते, दुपारी ओढून घेतले की अंधार, मग ट्यूब लावा. काकाजींनी ब्लाइंडवरच ठिपका मारला, ४६. ऊन काच ओलांडून आत आलं, पडद्याने ते अडवलं, पडदा तापला आणि ती सगळी उष्णता आतच राहिली. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तरच अडवलं म्हणायचं. मे महिन्यात चारच्या सुमारास पश्चिमेच्या साध्या काचेतून एका चौरस मीटरमागे ५०० वॉटच्या आसपास उष्णता आत येते, आमची काच चाळीस चौरस मीटर, तुम्हीच गुणाकार करा. २० किलोवॉट. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट, म्हणजे जवळजवळ सहा टन एसी फक्त काचेतून येणारं ऊन उपसायला लागत होता! एसीवाल्याचे अजून दोन लावले असते तर तेही ह्याच्यातच खपले असते.

मी म्हटलं मग वर छज्जा काढू. तर छज्जा दक्षिणेला चालतो, पश्चिमेला नाही, कारण संध्याकाळचा सूर्य खाली येऊन सरळ डोळ्यात येतो. आणि नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे, मे संपता संपता सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो (शून्य सावली दिवस आमच्याकडे २६ मेच्या आसपास येतो, शाळेची पोरं पाइप उभा करून फोटो काढतात), त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला विशेष ऊन लागतच नाही, मार बसतो तो छताला आणि पश्चिमेला. पश्चिमेला उभ्या पट्ट्या लागतात, काचेपासून थोड्या लांब, तिरप्या. त्याचं अ‍ॅल्युमिनियमचं कोटेशन ऐकून सरांनी पाणी मागवलं. शेवटी नर्सरीवाले वापरतात ती शेडनेट, ७५ टक्केवाली, पण हिरवी नको म्हणून बेज रंगाची, लोखंडी फ्रेमवर ताणून काचेपासून दीड-दोन फूट बाहेर. मधे जागा सोडायची कारण नेट तापली तर तिची गरम हवा वर निघून गेली पाहिजे. बिल्डिंगवाला परत हजर, परत शोभा. ह्यावेळी सरांनी त्याला चार वाजता काचेपाशी खुर्ची देऊन बसवलं आणि मुद्दाम चहा उशिरा आणायला सांगितला. परवानगी मिळाली, फक्त उन्हाळ्यापुरती, पावसाळ्यात काढायची ह्या अटीवर. आम्हाला तेच पाहिजे होतं, नाहीतर पावसाळी वादळात पहिली तीच उडून समोरच्या पेट्रोल पंपावर जाणार. ब्लाइंड्स आता उघडे असतात, बाहेर थोडं धूसर दिसतं पण उजेड पुरतो, दुपारच्या ट्यूब बंद.

गच्चीला पांढरा कोट दिला. चायना मोझेक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) पण चालतं आणि टिकतं जास्त, पण त्याचं वजन आणि खर्च नको होता. अहमदाबाद महापालिकेने २०१७ पासून गरीब वस्त्यांच्या छपरांना चुना मारायचा कार्यक्रम चालवलाय, तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफची पॉलिसीच काढली, आणि आपल्याकडे अजून गच्ची म्हणजे काळं डांबर नाहीतर लाल वॉटरप्रूफिंग. आम्ही आधी भेगा भरून घेतल्या, कारण पांढऱ्या रंगाखाली गळती लपते आणि जुलैत कॉम्प्युटरवर टपकते. रंगाऱ्याला बजावून सांगावं लागलं की काम पहाटे साडेपाचला सुरू आणि आठला बंद, तापलेल्या स्लॅबवर कोट मारला तर आतली ओल फुगे काढते. दोन कोट, एक उभा एक आडवा. त्यानंतर त्याच वेळेला, तेवढ्याच उन्हात, वर ४५ आणि आतून पोटाला ३५-३६. स्लॅबची सवय तीच, संध्याकाळी ओकायची, पण ओकायला पोटात काही राहिलं नाही. एक मात्र आहे, नागपूरची धूळ बसून महिनाभरात पांढऱ्याचं करडं होतं, मग झाडून धुवावंच लागतं.

आता हवेचं. काकाजी सीओटू मीटर हॉलच्या मधोमध टेबलावर ठेवून जेवायला गेले होते. बाहेर मोकळ्या हवेत सीओटूचं प्रमाण ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतं, १,००० च्या खाली असलं तर ठीक म्हणतात, आमच्याकडे चार वाजता १,९००, आणि कॉन्फरन्स रूममध्ये क्लायंट कॉल संपल्यावर २,६००! रोज चारला डोकं जड व्हायचं, सगळे दोनदा चहा घ्यायचे, आणि आम्ही ते उन्हावर ढकलत होतो. हे कित्येकांना माहीत नसतं की स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आतलीच फिरवतो. दारंखिडक्या घट्ट लावून साठ माणसं आठ तास एकमेकांचा श्वास घेत बसतात.

इथे काकाजींनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की गारवा देणं आणि ताजी हवा देणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच यंत्राकडून करून घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतात. त्यांनी हैदराबादच्या इन्फोसिसच्या बिल्डिंगचं उदाहरण दिलं, २०११ च्या सुमाराला बांधलेली, अर्ध्या बिल्डिंगला नेहमीचा एसी आणि अर्ध्या बिल्डिंगच्या स्लॅबमध्ये थंड पाण्याच्या नळ्या, ताजी हवा वेगळ्या यंत्राने. मुद्दाम शेजारी शेजारी ठेवून मोजलं तर नळ्यांच्या बाजूला वीज साधारण एक तृतीयांश कमी लागली. आम्ही भाड्याच्या ऑफिसच्या स्लॅबमध्ये नळ्या घालू शकत नाही हे उघड आहे, पण विचार घेता येतो.

आणि नागपुरात ताजी आणि गार हवा एकत्र देणारी वस्तू काय ते पाळण्यातल्या पोराला माहीत आहे. कूलर! ऑफिसात कूलर म्हटल्यावर अकाउंट्सच्या मॅडमनी नाक मुरडलं, त्यांच्या डोळ्यासमोर तो लोखंडी, खळखळणारा, माशाचा वास मारणारा आला असणार. आम्ही घेतला तो गच्चीवर बसणारा, डक्टचा, दोन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्यात पाणी हवेला न लागता तिला बाहेरून थंड करतं, दुसऱ्यात हवा ओल्या पॅडमधून जाते, म्हणून साध्या कूलरपेक्षा गार आणि कमी दमट. गणित असं आहे की बाहेर ४४ आणि ह्युमिडिटी १५ टक्के असली तर ओल्या फडक्याचं तापमान (थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की दिसतं ते, पाण्याने हवा ह्याच्या जवळपर्यंतच गार होते) २३ च्या जवळ येतं, साधा चांगला कूलर हवेला २७ पर्यंत आणतो, दोन टप्प्यांचा त्याच्याही दोन-तीन डिग्री खाली. जितका कोरडा उन्हाळा तितका हा जोरात, म्हणजे एसी जेव्हा धापा टाकतो नेमका तेव्हा. ताशी १०,००० घनमीटर हवा, सगळी बाहेरची, सगळी नवी.

पण हवा आत ढकलली तर बाहेर जायला वाट पाहिजे, हे घरी आपण बरोबर करतो, कूलर लावला की समोरची खिडकी किलकिली, आणि ऑफिसात कुणालाच सुचत नाही. इन्स्टॉलेशनवाल्यांनी डक्ट टाकला, चालू केला आणि दहा मिनिटांत हॉल चिकचिकला. पूर्वेच्या वरच्या तावदानांत लूव्हर (तिरप्या पट्ट्यांच्या झडपा) बसवून घेतले तेव्हा कुठे हवा वाहायला लागली. आणि हॉलमध्ये कूलर चालू असताना हॉलचा एसी बंद म्हणजे बंद, नाहीतर कूलर हवेत पाणी घालणार आणि एसी वीज खर्चून तेच पाणी काढणार. केबिनची दारं लावलेली असतात, तिथे एसीच.

पाण्याचं विचाराल तर लागतं, कडक उन्हात दिवसाला पाच-सहाशे लिटर. बोअरचं पाणी खारट असल्यामुळे पॅडवर पांढरा थर चढतो, त्यामुळे टाकीतलं थोडं पाणी सतत सोडावं लागतं, ते आम्ही झाडांना आणि संडासाच्या टाकीला वळवलं. पाण्याची टंचाई असलेल्या बिल्डिंगमध्ये मी हा उपाय आंधळेपणाने सुचवणार नाही. आणि मुंबईच्या लोकांनी तर हा भाग वाचून सोडून द्या, मुंबईच्या दमट हवेत कूलर म्हणजे फक्त ओला पंखा.

पंखे! इंटिरियर करताना फॉल्स सीलिंगसाठी सगळे पंखे काढले होते, कॉर्पोरेट लुक. हॉलच्या मधल्या पट्ट्यातलं सीलिंग काढून परत पंखे टांगले, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे), तीस वॉटच्या आसपास खातात, जुने सत्तर-पंच्याहत्तर खायचे. पंख्याने हवा थंड होत नाही पण अंगाला दोन-तीन डिग्रीचा फरक वाटतो, म्हणून एसी २६ वर ठेवला तरी चालतो. एक डिग्री वर नेली की साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई सांगतं, आणि जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे रूम एसी सुरू केले की २४ वरच चालू व्हायला पाहिजेत असा नियम आहे. अहमदाबादच्या सेप्ट युनिव्हर्सिटीने देशभरच्या ऑफिसांतल्या लोकांना विचारून अभ्यास केला होता त्यातही हेच आलं, की आपल्या लोकांना विदेशी पुस्तकांतल्या तापमानापेक्षा बऱ्याच जास्त तापमानात बरं वाटतं.

हे सगळं खरं, पण रिमोट कोणाच्या हातात? सेल्सची दोन पोरं बाहेरून तापून यायची, सरळ १८ करायची. १८ केल्याने खोली लवकर गार होत नाही हो, साध्या एसीत तो आकडा फक्त थांबायचं कधी ते सांगतो, आणि १८ पर्यंत तो कधी पोचतच नाही म्हणून थांबतही नाही. हे समजावून काही झालं नाही. शेवटी बाहेरून येणाऱ्यांसाठी दाराजवळ एक भिंतीवरचा पंखा, माठ आणि दोन खुर्च्या ठेवल्या, पाच मिनिटं तिथे बसायचं मग आत. ही काकाजींची नाही, आमच्या ऑफिसातल्या चहावाल्या भाऊंची आयडिया, आणि रिमोटची भांडणं निम्म्यावर आली ती त्याच्याने. टायची सक्ती पण एप्रिल ते जून काढली. जपानने २००५ मध्ये सरकारी पातळीवर कूल बिझ म्हणून हेच केलं, एसी २८ वर आणि कोट-टाय नको, हे सांगितल्यावर सरांना एकदम पटलं.

बिल आलं तेव्हा मेचे युनिट आधीच्या मेपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी होते. सर खूश, पण काकाजींनीच टाचणी लावली, म्हणाले यंदा मे महिन्यात अवकाळी आला होता, मोजून दहा दिवस तरी गार गेले, सगळं श्रेय घेऊ नका, पुढचा कडक मे जाऊ द्या. ठीक आहे. बंद पडणारे एसी, शाली आणि चारची डोकेदुखी गेली तेवढं तरी पक्कं आहे, सीओटू आता हॉलमध्ये ६००-७०० च्या वर जात नाही.

जुलै मात्र सुटलेला नाही. पावसाळा लागला की कूलर झाकून ठेवतो, खिडक्या उघडाव्यात तर दमट, एसी २६ वर लावला तर छप्पर पांढरं आणि ढगाळ असल्यामुळे तापमान चटकन गाठतो, कॉम्प्रेसर थांबतो आणि हवेतला दमटपणा तसाच, कागद मऊ पडतात. ड्राय मोडने थोडं जमतं. आणि ताजी हवा परत बंद, मीटर परत १,५०० च्या वर. ह्याला उपाय ईआरव्ही, म्हणजे बाहेर जाणाऱ्या गार कोरड्या हवेकडून येणाऱ्या हवेतला थोडा उकाडा आणि ओल काढून घेणारी पेटी, तिचं कोटेशन आलंय, कॉन्फरन्स रूमपुरती छोटी तरी घ्या म्हणून मी मागे लागलेय, आणि सर म्हणतात दिवाळीनंतर बघू. तोपर्यंत मीटिंग एका तासाच्या वर नेली तर दार उघडं ठेवायचं असा कागद दारावर चिकटवलाय.